देव साक्षीला नसेल तर?

हा धागा लांब आहे, त्यामुळे विषय आधीच सांगतो. ‘देवाची भीती नसेल तर माणूस खरे का बोलेल?’ हा प्रश्न आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. तत्त्वज्ञानाच्या तासाला त्याची चर्चा पुष्कळ होते. परंतु हा प्रश्न एके काळी न्यायालयाच्या आणि संसदेच्या दारात, कायद्याच्या भाषेत विचारला जात असे, आणि त्याच्या उत्तरावर माणसांचे हक्क अवलंबून असत. तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तो शपथेचा इतिहास आहे.

चित्रपटातील न्यायालयापासून आरंभ करू. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, लाल कापडात गुंडाळलेल्या गीतेवर हात ठेवतो आणि खरे बोलण्याची शपथ घेतो. दृश्य परिणामकारक आहे, पण भारतातील आजच्या शपथविषयक कायद्यात, म्हणजे १९६९ च्या अधिनियमात, गीता किंवा कुराण हातात देण्याची तरतूदच नाही. हिंदूंना गंगाजलाची आणि मुसलमानांना कुराणाची शपथ घ्यायला लावण्याची सक्ती कंपनी सरकारने १८४० च्या पाचव्या कायद्याने बंद केली. कारण असे की, अशी शपथ पुष्कळांच्या सदसद्विवेकाला पटत नव्हती आणि त्यामुळे न्यायदानातच अडथळा येत होता. पुढे १८७३ च्या कायद्याने आणखी एक वाट मोकळी केली. ज्याची शपथेला हरकत असेल त्याने शपथेऐवजी केवळ प्रतिज्ञेवर साक्ष द्यावी. हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

शपथेमागची कल्पना मात्र या कायद्यांहून फार जुनी आहे. मराठेशाहीचे कागद चाळणाऱ्यांना बेलभंडार उचलणे ठाऊक असते. रवा दिव्यही ठाऊक असते. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करायची, आणि मुदतीनंतर हात उघडून निवाडा द्यायचा. पद्धती वेगळ्या असल्या तरी तर्क एकच. माणसाचा शब्द एकटा पुरत नाही, त्याला जामीन हवा, आणि तो जामीन देव. खोटे बोललास तर तुझ्याकडून वसुली करणारा वर बसला आहे.

युरोपात हाच तर्क होता. जॉन लॉकने १६८९ मध्ये धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडणारे प्रसिद्ध पत्र छापले, आणि त्याच पत्रात नास्तिकांना सहिष्णुतेच्या बाहेर ठेवले. वचन, करार आणि शपथ ही समाजाची बंधने नास्तिकावर लागू पडत नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्याच्या काही वर्षे आधी, १६८२ मध्ये, पिएर बेल या फ्रेंच विद्वानाने धूमकेतूंविषयी लिहिता लिहिता उलट मत मांडले होते. माणसे आपल्या तत्त्वांप्रमाणे वागतच नाहीत, ती स्वभाव, सवय आणि लौकिक यांप्रमाणे वागतात. तेव्हा नास्तिकांचाही समाज सुरळीत चालू शकेल. माझ्या मते या वादातील सर्वांत चतुर युक्तिवाद बेलचाच आहे. नास्तिक सद्गुणी असतात हे सिद्ध करायला तो जात नाही. आस्तिकांकडे नीट पाहा, एवढेच तो सांगतो.

पण कायदा लॉकच्या बाजूने राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या न्यायालयात ईश्वरावर आणि पारलौकिक शिक्षेवर विश्वास नाही असे सांगणाऱ्याची साक्ष घेतली जात नसे. १८५७ मध्ये लंडनच्या एका न्यायालयात एक परदेशी गृहस्थ चोराविरुद्ध फिर्याद घेऊन आला. आपला ईश्वरावर विश्वास नाही, असे त्याने सांगताच त्याची फिर्याद ऐकायला नकार मिळाला. चोर सुटला. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात या प्रकाराची दखल घेतली आणि नियमातील विसंगती नेमकी दाखवली. जो नास्तिक खोटे बोलायला तयार आहे, तो ‘माझा देवावर विश्वास आहे’ असे सांगून खुशाल साक्ष देतो. जो लोकनिंदा पत्करूनही खरे सांगतो, त्यालाच खोटारडा ठरवून बाहेर काढले जाते. म्हणजे खोट्याला रोखण्यासाठी केलेला नियम नेमका खऱ्यालाच रोखतो.

हे खरे सांगणारे लोक कोण होते? बहुतेक कारागीर, छापखानेवाले, छोटे दुकानदार. जॉर्ज जेकब होलिओक हा त्यांतलाच एक. १८४२ मध्ये चेल्टनहॅम येथे त्याचे समाजसुधारणेवर व्याख्यान झाले. शेवटी श्रोत्यांतून कोणी विचारले, या तुमच्या योजनेत ईश्वराविषयीचे कर्तव्य कुठे आहे? देश दरिद्री झाला असताना देवालाही निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांप्रमाणे अर्ध्या पगारावर ठेवावे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. ईश्वरनिंदेबद्दल सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. तो ग्लॉस्टरच्या तुरुंगात असतानाच त्याची लहान मुलगी वारली. याच होलिओकने १८५१ मध्ये ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द प्रचारात आणला. आपण आज त्या शब्दाचा अर्थ केवळ राज्यसंस्थेपुरता घेतो. होलिओकच्या मनात त्याहून निराळे काही होते. या जगातील माणसाचे सुख हे ध्येय, या जगातील अनुभव आणि बुद्धी ही साधने, आणि त्यांवर उभी राहिलेली नीती.

आता चार्ल्स ब्रॅडलॉकडे येऊ. या धाग्याचा नायक म्हणावा तर तोच. जन्म १८३३, लंडनमधील गरीब घर. काही काळ सैन्यात, मग वकिलाच्या कचेरीत कारकून. १८६६ मध्ये त्याने नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. एका दाव्यात त्याची स्वतःचीच साक्ष नास्तिक म्हणून नाकारली गेली. तो वर्षानुवर्षे लढला आणि १८६९ मध्ये कायदा बदलून नास्तिकांना न्यायालयात प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मुभा मिळाली. १८८० मध्ये नॉर्थहॅम्प्टनच्या मतदारांनी त्याला संसदेवर निवडून दिले. सभागृहात बसण्यापूर्वी ईश्वराच्या नावाने शपथ घ्यावी लागे. ब्रॅडलॉ म्हणाला, न्यायालयात चालते तशी प्रतिज्ञा येथेही चालावी. सभागृहाने नकार दिला.

तेव्हा त्याने शपथ घेण्याची तयारी दाखवली, पण त्याच वेळी जाहीर पत्र लिहून सांगितले की, त्यातील ईश्वरविषयक शब्दांना माझ्या लेखी अर्थ नाही, तरी प्रतिज्ञेचा आशय मला बंधनकारक राहील. त्याचे काही चाहते या टप्प्यावरून घाईने पुढे सरकतात. मला वाटते येथे थांबले पाहिजे. त्याच्या विरोधकांना हा दुटप्पीपणा वाटला, आणि तो आक्षेप सर्वस्वी पोकळ नव्हता. अर्थहीन शब्द उच्चारायची तयारी असेल तर आधी हरकत का घेतली? पण दुसरी बाजूही पाहा. पत्र न लिहिता गुपचूप शपथ घेतली असती तर कोणी अडवलेच नसते. सभागृहात त्या काळी संशयवादी सदस्य नव्हते असे कोण म्हणेल? ते मुकाट्याने पुस्तकाचे चुंबन घेऊन आत बसले. ब्रॅडलॉचा अपराध अविश्वास हा नव्हताच. तो त्याने उघड केला, हा होता. मिलने वर्णन केलेले कोडे आता संसदेच्या दारात येऊन उभे राहिले.

पुढची सहा वर्षे एखाद्या नाटकासारखी आहेत. २३ जून १८८० रोजी सभागृह सोडण्यास नकार दिल्यामुळे त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात रात्रभर कोंडण्यात आले. ऑगस्ट १८८१ मध्ये पोलिसांनी त्याला धक्के मारून बाहेर काढले. १८८२ मध्ये तो खिशातून बायबल घेऊन आला आणि स्वतःच स्वतःला शपथ देऊन मोकळा झाला! प्रत्येक वेळी जागा रिकामी ठरली, आणि प्रत्येक पोटनिवडणुकीत, म्हणजे १८८१, १८८२ आणि १८८४ मध्ये, नॉर्थहॅम्प्टनने त्यालाच पुन्हा निवडले. यात केवळ धर्म होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ब्रॅडलॉ राजेशाहीचा विरोधक होता. संततिनियमनावरील पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल १८७७ मध्ये त्याच्यावर आणि ॲनी बेझंट यांच्यावर खटला झाला होता. (होय, त्याच बेझंट. पुढे त्या थिऑसॉफीकडे वळल्या आणि भारतात आल्या.) शिवाय विरोधी पक्षातील लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलसारख्या तरुण सदस्यांना पंतप्रधान ग्लॅडस्टनला अडचणीत आणायला हा प्रश्न आयताच सापडला होता.

ग्लॅडस्टन स्वतः अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होता, आणि तरीही २६ एप्रिल १८८३ रोजी प्रतिज्ञेच्या विधेयकाच्या बाजूने त्याने केलेले भाषण त्याच्या कारकिर्दीतील उत्तम भाषणांत गणले जाते. त्याचा मुद्दा असा होता. ‘कोणताही देव चालेल, पण देव हवाच’ ही कसोटी धर्माच्या दृष्टीनेही निरर्थक आहे. माणसाच्या सुखदुःखाशी ज्याचा काही संबंध नाही असा दूरस्थ देव मानणारा तुम्हाला चालतो. मग कसोटी कशाची घेता? हे सांगताना त्याने ल्युक्रेशियस या रोमन कवीच्या लॅटिन ओळी म्हटल्या. विधेयक २८९ विरुद्ध २९२ मतांनी पडले. अवघी तीन मते.

आणि आता ते १८७३ हे वर्ष आठवा. ज्या ब्रिटिश साम्राज्याची संसद १८८० मध्ये आपल्याच निवडून आलेल्या सदस्याला प्रतिज्ञा नाकारत होती, त्याच साम्राज्यात हिंदुस्थानातील एखाद्या मामुली साक्षीदाराला ती सोय सात वर्षांपूर्वीच मिळालेली होती. परक्या प्रजेच्या बाबतीत राज्यकर्त्यांना व्यवहार दिसत होता, स्वतःच्या घरात मात्र पवित्र्याची चिंता होती.

अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या संसदेच्या अध्यक्षांनी कोणालाही हरकत घेऊ न देता ब्रॅडलॉला शपथ घेऊ दिली. दोन वर्षांनी त्याच्याच प्रयत्नाने १८८८ चा शपथ कायदा झाला आणि प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना मिळाला. हिंदुस्थानचे प्रश्न तो संसदेत इतक्या चिकाटीने मांडू लागला की त्याला ‘हिंदुस्थानचा सदस्य’ म्हटले जाऊ लागले. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला तो आला. त्या अधिवेशनाला प्रतिनिधीही नेमके १८८९ होते. त्यांतले बहुसंख्य श्रद्धाळू, आणि इंग्लंडमधील या सर्वांत बदनाम नास्तिकाचे स्वागत त्यांनी मनापासून केले. त्याची निरीश्वरता त्यांच्या आड आली नाही, कारण त्याचे काम त्यांनी पाहिले होते.

मुंबईपासून फार दूर नाही, पुण्यात, त्या वेळी गोपाळ गणेश आगरकरांचे ‘सुधारक’ सव्वा वर्षाचे झाले होते. आगरकर मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनावर वाढलेले. नीतीचा आधार ईश्वरी आज्ञा हा नसून मनुष्याचे सुखदुःख हा आहे, ही त्यांची धारणा त्यांनी लपवली नाही. त्यांच्या विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण त्यांच्या नीतिविचाराचा खरा कस कुठे लागला, ते १८९१ च्या संमतिवयाच्या वादात पाहावे.

प्रश्न असा होता. विवाहित मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे वय कायद्याने १० वर्षे होते, ते १२ करावे की नाही? १८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीने मरण पावली होती. विधेयकाला विरोध करणाऱ्यांनी धर्मातील हस्तक्षेपाचा मुद्दा उचलला. पाठिंबा देणाऱ्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे श्रद्धाळू विद्वान होते. त्यांनी धर्मग्रंथ धुंडाळून दाखवून दिले की शास्त्राची आडकाठी नाही. हे काम मोलाचे होते आणि त्या काळच्या लोकांना समजावण्यासाठी आवश्यकही होते. श्रद्धेतून करुणा उपजत नाही असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. भांडारकर आणि रानडे याच्या विरुद्धची साक्ष देतात.

तरीही एक प्रश्न उरतोच. शास्त्राची आडकाठी असती तर? भांडारकरांच्या मार्गाने जाणाऱ्याला तेथे थांबावे लागते, किंवा दुसरे वचन शोधावे लागते. आगरकरांना थांबावे लागत नाही. दहा वर्षांच्या मुलीला यातना होतात, आणि त्या टाळता येण्यासारख्या आहेत, एवढे त्यांना पुरेसे आहे. त्या यातनेला ग्रंथाचे प्रमाणपत्र लागत नाही. धर्मनिरपेक्ष मानवतावाद ही संज्ञा जड वाटते. तिचा गाभा पाहायचा असेल तर तो येथे, या वादात, सर्वांत स्पष्ट दिसतो. मार्च १८९१ मध्ये कायदा संमत झाला. आगरकर १८९५ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी गेले. एम.ए. होऊनही श्रीमंतीची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला काळ लोकहिताला देणार, असे त्यांनी विद्यार्थिदशेतच आईला कळवले होते, आणि तसेच ते जगले. परलोकातील कोणत्याही वसुलीची भीती किंवा बक्षिसाची आशा त्यामागे नव्हती.

त्याच १८९१ च्या जानेवारीत लंडनमध्ये ब्रॅडलॉ मरणशय्येवर होता. २७ जानेवारीला संसदेने, त्याला प्रतिज्ञा नाकारणारा १८८० चा आपला ठराव कामकाजातून खोडून टाकला. ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. ३० जानेवारीला तो मरण पावला. ब्रुकवुड येथील दफनविधीला जे हिंदी विद्यार्थी गेले, त्यांत २१ वर्षांचे मोहनदास गांधी होते. आत्मकथेत त्यांनी परतीच्या स्थानकावरचा एक प्रसंग लिहिला आहे. एक नास्तिक एका पाद्र्याला देवाच्या आकाराविषयी आणि पत्त्याविषयी टोचून टोचून विचारत होता आणि पाद्री नम्रपणे गप्प राहिला. त्यामुळे नास्तिकतेविषयीचे आपले प्रतिकूल मत आणखी वाढले, असे गांधी सांगतात. आजच्या नास्तिक मित्रांनी हा प्रसंग जरूर वाचावा. वाद जिंकण्याची ती ऐट आजही पुष्कळ दिसते, आणि ब्रॅडलॉने सहा वर्षांत जे कमावले ते ती एका संध्याकाळी घालवते.

पुढे डिसेंबर १९३१ मध्ये, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, ‘ईश्वर हे सत्य आहे’ यापेक्षा ‘सत्य हाच ईश्वर’ म्हणणे आपल्याला का पटते हे सांगताना गांधींनी याच ब्रॅडलॉची आठवण काढली. तो स्वतःला नास्तिक म्हणवत असे, पण मी त्याला नास्तिक मानणार नाही, तो ईश्वराला भिऊन वागणारा मनुष्य होता, असा त्यांचा आशय होता. यातील औदार्य मोठे आहे, आणि ज्या माणसाने त्या स्थानकावर नास्तिकतेविषयी प्रतिकूल मत बनवले त्याने चाळीस वर्षांनी असे म्हणावे, हा प्रवासही मोठा आहे. पण माझा मतभेद येथेच आहे. ज्या माणसाने मनोऱ्यातील कोठडी पत्करली, धक्के खाल्ले, ती केवळ एवढे सांगण्यासाठी की, माझ्या शब्दाला दुसऱ्या जामिनाची गरज नाही, त्याला मरणोत्तर तोच जामीन बहाल करणे म्हणजे त्याचे म्हणणे प्रेमाने पुसून टाकणे आहे. आपल्याकडे हे सर्रास घडते. निरीश्वरवादी माणूस वाईट निघाला की ‘देव न मानल्याचा परिणाम’, आणि चांगला निघाला की ‘तो मनातून आस्तिकच होता’. अशा हिशेबात त्याचे चांगुलपण त्याच्या खात्यावर कधी जमाच होत नाही.

यावर स्तालिनचे उदाहरण येईल, येणारच. चर्च पाडणाऱ्या त्या राजवटीने लाखो माणसे मारली, हे निर्विवाद आहे. निरीश्वरता ही सज्जनपणाची हमी आहे असे ज्याचे म्हणणे असेल, त्याला या उदाहरणाने गप्प केलेच पाहिजे. बेलचे म्हणणे मात्र त्याने खोटे ठरत नाही. श्रद्धा किंवा अश्रद्धा यांपैकी कशाकडेही पाहून माणसाचे वागणे आधी सांगता येत नाही, एवढेच तो म्हणत होता.

शेवटी आपल्या संविधानाकडे येतो. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत राष्ट्रपतींच्या शपथेवर चर्चा झाली. महावीर त्यागी आदी सदस्यांच्या आग्रहावरून ईश्वराचे नाव मसुद्यात घालण्यात आले, पण प्रतिज्ञेचा पर्याय काढला गेला नाही. आज तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ हे दोन्ही शेजारी शेजारी आहेत, मध्ये फक्त एक तिरकी रेघ. शपथविधीचे थेट प्रक्षेपण पाहताना कोण कोणता पर्याय घेतो, याकडे माझे हटकून लक्ष जाते. दोन्हींचे कायदेशीर वजन तंतोतंत सारखे आहे, आणि त्या रेघेसाठी कोणी काय मोजले ते वर आलेच आहे.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी प्रस्तावनेची पाळी आली. तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनी मांडली. पूर्णिमा बॅनर्जी यांनी, ईश्वराला मतदानाला लावू नका, अशी त्यांना विनंती केली. हृदयनाथ कुंझरू यांनीही विरोध केला. त्यांचा आक्षेप हा की, अशी बाब सामूहिक ठरावाने कोणावर लादता येत नाही. कामत मागे हटले नाहीत. मोजणी झाली तेव्हा दुरुस्तीच्या बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मते पडली. विरुद्ध मत देणाऱ्या त्या ६८ जणांतले बहुतेक, त्यांचे सार्वजनिक आयुष्य पाहता, देव मानणारेच असावेत.